एचडी ६५० हेडफोन: आठ महिने, दोन केबल

मागच्या ऑक्टोबरात माझ्या सेनहायझर एचडी ६५० च्या उजव्या बाजूने खरखर सुरू झाली. मान वळवली की आवाज गायब, केबल दाबून धरली की परत. हेडफोन ठणठणीत होता, केबल कानावरच्या कपाजवळ आतून तुटली होती. ती काढता-घालता येते, म्हणून म्हटलं, घ्यायचीच आहे तर भारी घेऊ.

पहिली घेतली ती चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची, आठ पदरी वेणीची, साडेसहा हजारांची. टोकाला ४.४ मिमीचा बॅलन्स्ड प्लग, म्हणजे दोन्ही कानांच्या परतीच्या तारा वेगळ्या ठेवणारा. पहिल्या रात्री अंगावर काटा आला. तानपुऱ्याची जवारी खुलली, तबल्याच्या डग्ग्याला वजन आलं. आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगत होतो.

दिवाळीत भाचा आला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने एकच विचारलं, "मामा, दोन्ही वेळी आवाज सारखा ठेवला होता का?" नव्हता ठेवला. माझ्या अ‍ॅम्पच्या (हेडफोनला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) बॅलन्स्ड आउटपुटला साध्यापेक्षा दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे नॉब न हलवता आवाज ६ डेसिबलने वाढतो. आणि थोडा मोठा आवाज कानाला हमखास जास्त भरीव वाटतो.

नागपूरच्या बर्डीवरून जुनी केबल सोल्डर करून आणली. भाच्याने एक सूर वाजवत ठेवून मल्टिमीटरने दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवलं आणि माझ्या पाठीमागे बारा वेळा केबल बदलली. सात वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच येतं.

नंतर आम्ही केबलचा रोध, म्हणजे तार विजेला करते तो अडथळा, मोजला. मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब आधी एकमेकांना टेकवायचे आणि येणारा आकडा वजा करायचा, नाहीतर इतका कमी रोध नीट कळत नाही. दोन केबलमध्ये फरक निघाला अर्ध्या ओहमच्या आसपास. हेडफोन ३०० ओहमचा. हिशेब केला तर आवाजात ०.०१५ डेसिबलचासुद्धा फरक पडत नाही. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं, पण जेमतेम ५-६ टक्क्यांनी. तांब्याची तार किंचित जाड घेतली की तेवढं भरून निघतं. आठ-दहा ओहमचे, आत बरेच ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेले इअरफोन असतील तर मात्र अर्धा ओहमही आवाजाचा तोल हलवू शकतो. तिथे केबलचा रोध बघूनच घ्या.

फेब्रुवारीत त्या महागड्या केबलची डावी पिन हलायला लागली. विकणाऱ्याने आधी टोलवाटोलवी केली, मग फोन उचलणंच बंद केलं. मला त्याचा आजही राग आहे, कारण या हेडफोनच्या दोन पिना कमी-जास्त जाडीच्या असतात, त्या एकाच बाजूने बसतात, आणि सैल कनेक्टर रेटत राहिलं तर हेडफोनचं सॉकेटच खराब होतं.

आता आहे ती साधी तांब्याची, चार पदरी, १.८ मीटर, बावीसशे रुपयांची. मूळ ३ मीटरची केबल खुर्चीच्या चाकाखाली यायची, ही येत नाही. पहिलीचं कापडी वेष्टण कॉलरला घासलं की खसखस थेट कानात यायची. हिचं मऊ आहे, काही ऐकू येत नाही. वजनही कमी, त्यामुळे दोन तासांनंतर मान अवघडत नाही. यंदाच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, कपांखाली घाम निथळत होता, तरी वेष्टण चिकट झालं नाही की कडक पडलं नाही.

प्लग ४.४ चाच घेतला. त्याला अ‍ॅडॉप्टर लावून साध्या अ‍ॅम्पवर ऐकता येतं. उलटं कधीही करू नका: साध्या प्लगमध्ये दोन्ही बाजूंच्या परतीच्या तारा एकत्र जोडलेल्या असतात, तो बॅलन्स्ड आउटपुटला लावला तर अ‍ॅम्प जळू शकतो.

आणि हा हेडफोन मागून उघडा आहे, बाहेरचा आवाज सरळ आत येतो. खोलीत कूलर घरघरत असताना तानपुरा कुठल्याच केबलने नीट ऐकू येत नाही. मी उन्हाळाभर पहाटे पाचला उठून, कूलर बंद करून तासभर ऐकलं. साडेसहा हजारांच्या केबलने न दिलेला फरक मला त्या तासात ऐकू आला.