चाळीस दिवसांची कुऱ्हाड

लिहायला लाज वाटतेय. पण डिस्कॉर्डवरच्या (गेमर्सच्या चॅट ॲपवरच्या) मराठी ग्रुपमध्ये परवा मला फसवणाऱ्याचा तोच आवाज पुन्हा ऐकला, नाव वेगळं, म्हणून लिहितोय.

मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळतो, म्हणजे वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती. त्यात आर्केनाइट रीपर नावाची कुऱ्हाड आहे. ती घडवायला आर्केनाइट या गेममधल्या धातूचे २० बार लागतात. एका बारला एक थोरियम बार आणि एक आर्केन क्रिस्टल. थोरियम मिळतं, क्रिस्टल मात्र खाणीमागून खाणी फोडाव्यात तेव्हा एखादा. बरं, दोन्ही हाताशी असले तरी अल्केमिस्टने (धातू बनवणाऱ्या पात्राने) एक बार केला की दुसऱ्यासाठी दोन दिवस थांबायचं. माझा अल्केमिस्ट एकच. म्हणजे जवळपास चाळीस दिवस.

नारायण पेठेत मी कॉट बेसिसवर राहतो. आमचा सर्व्हर युरोपातला. आपल्याकडे पहाटेचे पावणेसहा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे सव्वादोन, तेव्हा गेममधल्या विंटरस्प्रिंग भागातल्या खाणींवर शुकशुकाट असतो. एरवी आपण पोचेपर्यंत कुणीतरी खणून गेलेलं असतं. म्हणून अख्खा पावसाळा पहाटेचा गजर, दिवा बंद, हेडफोन, शेजारच्या कॉटवर घोरणं. अभ्यासाला कधी इतक्या लवकर उठलो नव्हतो.

कुऱ्हाड घडवणारा लोहार (तोही खेळाडूच) त्या ग्रुपवरच भेटला. "भावा, मी कर्वेनगरचा." आधी दोन छोटी कामं त्याने चोख करून दिली, वर मजुरीही घेतली नाही. तिथेच मी गार. एकदा विचारलं, कर्वेनगरात कुठे, कमिन्सपाशी का? म्हणाला, "त्याच्या जरा पुढं." पुढं म्हणजे वारज्यात की नदीत, हे मी विचारलं नाही. परक्या सर्व्हरवर मराठी ऐकलं की माणूस घरचाच वाटतो.

हत्यार एन्चांट करून (त्यावर जादू चढवून) घेताना ट्रेड विंडोत, म्हणजे देवाणघेवाणीच्या चौकटीत, खाली एक वेगळा रकाना असतो. त्यात ठेवलेलं हत्यार तुमचंच राहतं, काम तेवढं त्यावर होतं. लोहारकामाला तशी सोय नाही. माल हवाली करायचा आणि तो हत्यार देतो का याची वाट बघायची. (गेमच्या चालू आवृत्तीत २०२२ साली ड्रॅगनफ्लाइट या विस्ताराबरोबर क्राफ्टिंग ऑर्डर आल्या, त्यात असा माल कुणाच्या हातात द्यावा लागत नाही. क्लासिकवाल्यांनी मात्र जपून.)

मी २० बार दिले, सहा एन्चांटेड लेदर दिली, घासायचे दोन दगड दिले. ट्रेड झाला आणि तो ऑफलाइन गेला.

अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर मेसेज. "भावा, गेम टाइम संपला रे ऐन वेळी. कार्ड चालत नाहीये. अठराशे टाक, रविवारी गुडलक चौकात भेटू, कॅश देतो. कुऱ्हाड आजच करून ठेवतो." मी लगेच यूपीआयने पाठवले. मूर्खपणा कळत नव्हता असं नाही. पण चाळीस पहाटा त्याच्या पिशवीत होत्या. नुसता माल घेऊन पळाला असता तर माझी मेहनत गेली असती, खिसा वाचला असता. त्याने मेहनतीला ओलीस ठेवून खिसाही कापला. माल देऊन झाल्यावर कुणी पैसे मागायला लागलं तर त्या क्षणी माल गेला असं समजा.

रविवारी भर पावसात दीड तास छत्री धरून उभा होतो. नंबर ब्लॉक.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो त्यानंतर दोन दिवसांनी. पोलिसांना काय सांगणार, कुऱ्हाड चोरीला गेली? पलीकडच्या बाईंनी कुऱ्हाडीबद्दल काही विचारलंच नाही. रक्कम, वेळ आणि यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) मागितला. तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीत सापडतो. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. तासाभरात फोन केला असता तर कदाचित तिथेच गोठवता आले असते. ते दोन दिवस मी फक्त लाजण्यात घालवले. गेममध्येही चॅटच्या स्क्रीनशॉटसकट तक्रार टाकली आहे.

"मग काय, पायावर मारून घेतलीस ना," रूममेट म्हणाला. त्याला तेवढीच एक कुऱ्हाड माहीत.

परवा तो आवाज ज्या मुलाशी बोलत होता, त्याला मी लगेच मेसेज केला, सगळं सांगितलं. त्याचं उत्तर आलं, "थँक्स दादा, पण हा नाही तसा. पुण्याचाच आहे."