मेणाचा डाग: बर्फ की इस्त्री?

दिवाळीत पणत्यांच्या जोडीला मेणबत्त्या आल्या, की कुणाच्या तरी कुर्त्यावर मेण सांडतेच. ते ओले असताना पुसण्याचा मोह आवरावा, कारण पुसल्याने ते धाग्यांत अधिकच मुरते. मेण घट्ट झाल्यावर दोन मार्ग उरतात.

पहिला बर्फाचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घालून ती डागावर दहा मिनिटे ठेवली, की मेण ठिसूळ होते आणि चमच्याच्या कडेने खरवडताना त्याचे पापुद्रे सुटू लागतात. मात्र जाड थर निघाला तरी आत उतरलेले मेण तेलकट सावलीसारखे मागे राहते.

ही सावली काढावी ती इस्त्रीनेच. मेणबत्तीचे पॅराफिन साधारण 50 ते 60 अंश सेल्सियसला वितळत असल्याने, डागाच्या वर-खाली टिपकागद ठेवून वाफ बंद केलेली, बेताची गरम इस्त्री क्षणभर टेकवली तरी मेण कागदात उतरते. कागद मात्र दर वेळी बदलावा. घरात रद्दी हाताशी असते खरी, पण वर्तमानपत्राची शाई कपड्यावर उमटते आणि एका डागाचे दोन होतात.

सुती कपड्यासाठी मी इस्त्रीलाच झुकते माप देईन, अर्थात आधी खरवडून. नायलॉन किंवा रेशमावर बर्फच बरा. जरीच्या काठावर तर चमचाही जपून चालवावा. मेणबत्ती रंगीत असेल, तर इस्त्रीच्या उष्णतेने रंग पक्का बसण्याचा धोका असल्यामुळे, तेथेही बर्फालाच पहिला मान द्यावा.