तळघरातल्या मालाचा विमा काढलाय? पॉलिसीची मागची पानं आजच मागून घ्या

आमचं चिपळूणला बाजारपेठेत कापडाचं दुकान, साठा सगळा तळघरात. विमा बँकेनेच करून दिलेला, सीसी लोन (मालाच्या तारणावरचं कॅश क्रेडिट कर्ज) असलं की करावाच लागतो, प्रीमियम दरवर्षी खात्यातून परस्पर कट. पॉलिसी द्यायच्या आधी कंपनीचा माणूस स्वतः येऊन तळघरात उतरला, रॅकचे फोटो काढले, स्टॉक स्टेटमेंट घेऊन गेला. आमच्या हातात मात्र फक्त एक पानी शेड्यूल (पॉलिसीचा थोडक्यात तपशील), अटींची पानं कधी दिलीच नाहीत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं आणि तळघर छतापर्यंत भरलं. पाणी ओसरल्यावर पैठण्यांचे गठ्ठे बाहेर काढले तर चिखलाने दगडासारखे झालेले, घडी उलगडायला गेलं की जरीसकट फाटायच्या. तलाठ्याचा पंचनामा झाला, सर्व्हेअर आला, बिलं, जीएसटी रिटर्न सगळं दिलं आणि मग कित्येक महिन्यांनी पत्र आलं की तळघरातला माल पॉलिसीत कव्हर नाही, अमुक कलम बघा. अहो मग तुमचा माणूस काय बघून गेला होता आणि प्रीमियम कशाचा घेतलात?? ही सरळ फसवणूक आहे.

वरच्या शोकेसमधल्या मालाचे किरकोळ पैसे देऊ केले तेही फुल अँड फायनल व्हाऊचरवर, म्हणजे आता आणखी काही मागणं नाही अशा कागदावर, सही केली तरच. बँकेचं व्याज चढत होतं म्हणून सही केली, पण त्याच दिवशी कंपनीला ईमेल टाकला की ही रक्कम मान्य नाही, नाइलाजाने घेतोय. हा ईमेल फार कामाला येतोय. व्हाऊचरवर सही केली म्हणजे हक्क संपला असं नाही, दबावाखाली घेतली असेल तर दाद मागता येते, सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय. दबाव होता हे दाखवायला मात्र कागद लागतो.

आता केस रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगात आहे. कंपनीच्या वकिलाचा पहिलाच मुद्दा, तुम्ही धंदेवाले, ग्राहक नाहीच. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा हरसोलिया मोटर्सचा २०२३ चा निकाल ठेवला, विमा नफ्यासाठी नाही तर नुकसान भरून काढायला घेतात, त्यामुळे व्यापारीसुद्धा ग्राहक ठरू शकतो. आणि तळघरासाठी तर टेक्सको मार्केटिंगचा २०२२ चा निकाल, तिथेही दुकान तळघरात, कंपनीने आधी पाहणी केलेली आणि क्लेमच्या वेळी तेच कलम पुढे केलेलं, सुप्रीम कोर्टाने कंपनीलाच झापलंय.

महाड, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या दुकानदारांचं गोडाऊन तळघरात आहे त्यांनी बँकेकडे नाही, थेट कंपनीकडे ईमेलवर पूर्ण पॉलिसी मागा आणि तळघर कव्हर आहे का ते लेखी घ्या. क्लेम नाकारला असेल तर ग्राहक आयोगात जायची मुदत दोनच वर्षं आहे, कंपनी "फाईल वर पाठवलीय" म्हणत ती घालवते. आणि क्लेम मोठा आहे म्हणून मुंबईला राज्य आयोगात जावं लागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रीमियम किती भरला त्यावर कुठल्या आयोगात जायचं ते ठरतं, क्लेमच्या रकमेवर नाही, म्हणजे बहुतेक दुकानदारांचं काम जिल्ह्यातच होतं.