पाऱ्याच्या देवाची दोन चित्रे: सीताबर्डीतील छपाई व फ्रेमिंगचा अनुभव

इटालियन चित्रकार बोटिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’ (वसंत) या चित्रातील मर्क्युरी आणि ‘स्प्लेंडर सोलिस’ या किमयेवरील (हलक्या धातूंचे सोने करू पाहणाऱ्या विद्येवरील) हस्तलिखितातील मर्क्युरीचे पान, अशी दोन चित्रे मी नागपूरच्या सीताबर्डीवरील एका दुकानातून छापून, सागवानी चौकटीत बसवून घेतली. मर्क्युरी हा रोमनांचा व्यापाराचा व निरोपांचा देव. आपण ज्याला बुध म्हणतो त्या ग्रहाला आणि पाऱ्यालाही पाश्चात्त्यांनी त्याचेच नाव दिले.

‘प्रिमावेरा’ची पहिली प्रत पाहून मन खट्टू झाले. सुमारे 1480 सालच्या या चित्रात मर्क्युरी अगदी डाव्या कडेला उभा आहे. लाल वस्त्र, पंखांचे जोडे, कमरेला तलवार, आणि बाकी सर्वांकडे पाठ फिरवून तो हातातील उंचावलेल्या दंडाने (काठीने) ढगांच्या पुंजक्यांना स्पर्श करतो आहे. वसंताच्या बागेवर ढग येऊ न देणे हेच त्याचे काम, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. दुकानाने तयार मापात बसवण्यासाठी वरची कड छाटली, त्यात दंडाचे टोक आणि ढग दोन्ही गेले. उरला तो विनाकारण हात वर केलेला देखणा तरुण. मूळ चित्र दाखवताच मालकांनी वाद न घालता, जादा पैसे न घेता तीन दिवसांत पूर्ण प्रत दिली, हे मुद्दाम नोंदवतो.

दुसरे चित्र ब्रिटिश लायब्ररीतील 1582 च्या प्रतीतले. वर रथारूढ मर्क्युरी आणि मधोमध काचेच्या चंबूत राणी. युरोपीय किमयागार पाऱ्याला स्त्री आणि गंधकाला पुरुष मानत. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे पारा व धातूंपासून औषधे करण्याच्या विद्येत, नेमके उलट, पारद (पारा) शिवाचा आणि गंधक पार्वतीचा. रामटेकजवळच्या टेकडीशी ज्या नागार्जुनाचे नाव परंपरेने जोडले जाते, तो याच रसविद्येचा आचार्य मानला जातो. म्हणून हे पान माझ्या भिंतीवर परके वाटत नाही. छपाईत निळा रंग सुरेख उतरला आहे, मात्र मॅट कागदावर सोनेरी भाग मातकट पिवळा दिसतो, आणि तो दोष दुसऱ्या कागदावरच्या नमुन्यातही पूर्ण गेला नाही. साधी काच दुपारच्या उजेडात चकाकते, तेव्हा न चकाकणारी मागावी, आणि छपाईपूर्वी चारही कडा स्वतः तपासाव्यात.