सात महिने भिंतीवर 'फायटिंग टेमरेअर': टर्नरच्या चित्राची कॅनव्हास प्रिंट, वापरानंतरचा अनुभव

जे. एम. डब्ल्यू. टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या 'द फायटिंग टेमरेअर'ची कॅनव्हास प्रिंट फेब्रुवारीत ऑनलाइन मागवली. आता सप्टेंबर संपत आलाय, म्हणजे एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा तिने आमच्या हॉलमध्ये काढलाय. मी मुंबईत 31 वर्षं टगच्या, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या, इंजिनरूममध्ये होतो, त्यामुळे हा रिव्ह्यू मध्येच पाण्यात उतरणार. सांभाळून घ्या.

पहिली प्रिंट मी परत पाठवली. विक्रेत्याचं नाव घेत नाही. साइज 24 बाय 36 इंच होती. मूळ चित्र आहे 90.7 बाय 121.6 सेंटीमीटर, म्हणजे साधारण तीनास चार. ते दोनास तीनमध्ये बसवायचं तर काहीतरी कापावं लागणारच. यांनी खालून कापलं. उजव्या कोपऱ्यातला काळा बोया (पाण्यावर तरंगणारी खुणेची पिंपासारखी वस्तू) अर्धा गायब, आणि आकाश ताज्या जिलेबीच्या रंगाचं. आठवडाभर फोन, फोटो, पुन्हा फोन. शेवटी दुसरीकडून 24 बाय 32 ची मॅट प्रिंट घेतली. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रिंटबद्दल.

ज्यांनी चित्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डावीकडे पांढुरकं, सोनेरी, भुतासारखं शिडाचं जहाज. त्याच्या पुढ्यात एक बुटकी काळी आगबोट, धूर सोडत त्याला ओढतेय. उजवीकडे सूर्य मावळतोय. जहाज टेमरेअर, 98 तोफांचं, 1798 मध्ये चॅटमला पाण्यात सोडलेलं. 1805 मध्ये ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाला लागून लढलं. 1838 मध्ये नौदलाने ते जॉन बीट्सन या जहाजतोडणीवाल्याला 5530 पौंडांना विकलं. 5 आणि 6 सप्टेंबरला शीअरनेसहून थेम्स नदीतून रॉदरहाइथला ओढून नेलं. टर्नरने चित्र 1839 मध्ये रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात मांडलं.

पहिला महिना मी फक्त चुका काढल्या. टेमरेअर ओढून नेलं तेव्हा त्याच्यावर डोलकाठ्या नव्हत्याच, नुसतं धूड होतं. इथे तिन्ही उभ्या. जहाज पश्चिमेला चाललंय, म्हणजे मावळता सूर्य त्याच्या तोंडासमोर हवा, हा पाठीमागे. आगबोटीचं धुराडं डोलकाठीच्या पुढे काढलंय. पुढे 1845 मध्ये विलमोर नावाच्या कारागिराने यावरून छपाईसाठी खोदचित्र केलं तेव्हा त्याने ते गुपचूप दुरुस्त केलं. आणि मला सगळ्यात खटकलेली गोष्ट: खरे टग दोन होते, 'सॅमसन' आणि 'लंडन'. याने एकच ठेवला. मेलेलं जहाज ओढणं काय असतं हे केलेल्यालाच कळतं. त्याचं इंजिन नाही, सुकाणू ऐकत नाही, प्रवाहात ते आडवं फिरायला बघतं आणि तुमचा जीव दोरावर टांगलेला. दुसऱ्या टगवाल्यांनी दोन दिवस घाम गाळला आणि चित्रात त्यांना जागा नाही! बायको म्हणाली, "अहो, तक्रार कोणाकडे करताय? दीडशे वर्षांपूर्वी गेला तो माणूस."

चुका काढणारा मी काही पहिला नाही. चौथ्या जॉर्ज राजाने टर्नरकडून ट्रफाल्गरचं भलंमोठं चित्र करून घेतलं होतं, 1824 मध्ये पुरं झालं. नौदलातल्या लोकांनी त्यावर यथेच्छ नाकं मुरडली. 1829 मध्ये ते ग्रेनिचच्या निवृत्त नौसैनिकांच्या आश्रमाला देऊन टाकलं. म्हणजे दर्यावर्दी काय बोलतील हे या माणसाला चांगलं ठाऊक होतं. न्हाव्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत, 1796 मध्ये मांडलेलं पहिलं तैलचित्रच चांदण्या रात्रीच्या कोळ्यांचं. बोटी त्याने जन्मभर रेखाटल्या. डोलकाठ्या त्याने अज्ञानातून लावल्या नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून डोळा आपोआप जहाजावरून आगबोटीवर येऊ लागला. पाहुणे आले की सगळे सूर्यास्ताचं कौतुक करतात. मी मात्र तिच्या चाकांनी ढवळलेलं पाणी बघतो. जहाज पातळ रंगात, जवळजवळ धुकंच; ती मात्र काळी, ठोस, धुराचा लालसर लोट मागे डोलकाठ्यांवर सोडणारी. अख्ख्या चित्रात काम करणारी तीच एकटी. बरेच जण तिला खलनायिका ठरवतात: यंत्राने शिडाला संपवलं वगैरे. मला तसं अजिबात वाटत नाही. तिला शिफ्ट संपायच्या आत पोचायचंय.

मे 2014 मध्ये आपली जुनी विमानवाहू 'विक्रांत' मुंबईच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडायला नेली, तेव्हाची आठवण या चित्रासमोर हमखास येते. तिथेही पुढे टगच होते आणि तिथेही कोणी टगचा फोटो काढला नाही. 'विक्रांत'चं थोडं पोलाद पुढे बजाजच्या मोटारसायकलीत गेलं. टेमरेअरच्या लाकडाच्या खुर्च्या रॉदरहाइथच्या सेंट मेरी चर्चमध्ये आहेत.

टर्नरने हे चित्र कधी विकलं नाही, 'माझी लाडकी' म्हणायचा. 1851 मध्ये तो गेला, त्यानंतर ते देशाला मिळालं. आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि 2020 पासून वीस पौंडांच्या नोटेवरही.

आता प्रिंटचं. मूळ चित्रात आकाशाचा रंग जाड थापलेला आहे आणि जहाजाचा पातळ. प्रिंटमध्ये दोन्ही सपाट. हा तोटा कुठल्याही किमतीत भरून निघत नाही, तो धरूनच चला. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पिवळा रंग आजारी दिसतो. वर पिवळसर एलईडी लावला आणि डावीकडची चंद्रकोर पहिल्यांदा नीट दिसली. जुलैत खालच्या कडेला मागून बुरशीचे ठिपके आले, कारण भिंत पश्चिमेची आणि फ्रेम तिला चिकटलेली. आता चारही कोपऱ्यांत मागे बुचाचे तुकडे चिकटवलेत, हवा खेळते, ठिपके वाढले नाहीत. कॅनव्हास थोडा सैल पडला होता, फ्रेमवाल्याने मागच्या खुंट्या ठोकून दहा मिनिटांत ताणून दिला.

घेणार असाल तर 24 बाय 32 किंवा त्याच मापातलं घ्या, मॅट घ्या, काच लावू नका. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून पूर्ण प्रिंटचा फोटो मागवा आणि उजव्या कोपऱ्यात बोया आहे का ते बघा.