चेहरा नवा, इंजिन जुनंच: लेक्सस आयएस ३५० घ्यावी, की ३३०आय, की जी७०?

२००६ सालच्या लेक्सस आयएस ३५०मध्ये साडेतीन लिटरचं व्ही६ (सहा सिलिंडरचं) इंजिन होतं, ताकद ३०६ हॉर्सपॉवर. २०२१ सालच्या आयएस ३५०मध्येही साडेतीन लिटरचं व्ही६च, ताकद ३११. पंधरा वर्षांत पाच हॉर्सपॉवर! मधल्या काळात गाडीची पिढी बदलली, दोनदा चेहरामोहरा बदलला, पण बॉनेट उघडलं की त्याच घराण्यातलं इंजिन. म्हणून अमेरिकेत या वर्गातली सेडान शोधणारा माणूस बरोबर तोच प्रश्न विचारतो: इंजिनाला हात न लावता केलेल्या या नूतनीकरणाचे पैसे द्यायचे, की बीएमडब्ल्यू ३३०आय किंवा जेनेसिस जी७०च्या शोरूमकडे वळायचं? (खालचे सगळे आकडे अमेरिकी मॉडेलांचे आहेत.)

आधी लेक्ससची बाजू नीट ऐकून घेऊ, कारण २०२१चं काम निव्वळ रंगरंगोटी नाही. ही तिसरी पिढी जानेवारी २०१३मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात आली आणि जून २०२०मध्ये तिचं मोठं नूतनीकरण जाहीर झालं. जपानमधल्या आयची प्रांतात लेक्ससची मूळ कंपनी टोयोटाने शिमोयामाला जो चाचणी ट्रॅक उभारला, तिथे गाडीची चाल घडवली. रेडिएटरच्या बाजूचे आधार, पुढचे साइड मेंबर, मागचा खांब छताला मिळतो तो भाग, असं ठिकठिकाणी सांगाड्याला बळ दिलं. चाकं स्टड आणि नटऐवजी थेट हबमध्ये घट्ट होणाऱ्या बोल्टने बसवली; युरोपीय गाड्यांत हे जुनंच आहे, पण त्याने जोड पक्का होतो आणि सस्पेन्शनखालचं वजन थोडं घटतं. गाडी सुमारे ३० मिलिमीटर लांब आणि तितकीच रुंद झाली, एफ स्पोर्ट या आयएसच्या स्पोर्टी आवृत्तीला १९ इंचांची चाकं मिळाली. वळणात गाडी जास्त सावरलेली वाटते, खडबडीत रस्त्यावर सांगाडा कुरकुरत नाही. इथपर्यंत पैसे वसूल.

आता इंजिन. इथे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळं उघडं पडतं. २००६च्या बीएमडब्ल्यू ३३०आयमध्ये तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन होतं, २५५ हॉर्सपॉवरचं. ऑक्टोबर २०१८मध्ये पॅरिसला आलेल्या सध्याच्या ३३०आयमध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो (जास्तीची हवा आत कोंबणाऱ्या पंख्याचं इंजिन) आहे, आणि ताकद? २५५ हॉर्सपॉवर. म्हणजे वरवर पाहता बीएमडब्ल्यूही जागची हलली नाही. पण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ३०० न्यूटन मीटरवरून ४००वर गेला, आणि तो १,५५० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४,४००पर्यंत सलग मिळतो. आयएस ३५०चा कमाल टॉर्क ३८० न्यूटन मीटर आहे, पण त्यासाठी सुई ४,८००पर्यंत चढवावी लागते. पूर्ण ताकद तर ६,६००ला. परिणाम असा की ५६ हॉर्सपॉवर जास्त असूनही ० ते ६० मैल वेगासाठी लेक्सस स्वतः ५.६ सेकंद सांगते, आणि बीएमडब्ल्यू मागच्या चाकांवर चालणाऱ्या ३३०आयसाठीही तेवढेच सांगते. सिग्नल सुटल्यावर, महामार्गावर शिरताना, पुढच्या ट्रकला ओलांडताना, म्हणजे आपण खरोखर जिथे गाडी चालवतो तिथे, ३३०आय अर्ध्या पायात काम करते. आयएस दोन गिअर खाली टाकते, ओरडते, मग निघते.

ते ओरडणं काहींना हवं असतं, हेही खरं. टर्बो नसलेल्या व्ही६ला पाय जितका दाबाल तितकाच प्रतिसाद मिळतो, आणि ५,०००च्या वर त्याचा सूर चार सिलिंडरच्या कुठल्याही इंजिनापेक्षा गोड आहे. पेट्रोल मात्र जास्त पितं: ईपीए या अमेरिकी सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकड्यांनुसार मागच्या चाकांची आयएस ३५० शहर-महामार्ग मिळून गॅलनला २३ मैल देते, २०२१ची ३३०आय ३० मैल. आपल्या हिशेबात लिटरला साधारण पावणेदहा किलोमीटर विरुद्ध पावणेतेरा.

मग जुनं इंजिन घेण्यात शहाणपण कुठे आहे? दीर्घकाळ ठेवण्यात. टर्बो नाही, इंटरकूलर नाही, त्यांचे पाइप नाहीत. शिवाय यात पेट्रोल दोन ठिकाणांहून फवारलं जातं, थेट सिलिंडरमध्ये आणि हवा आत घेणाऱ्या वाटेत, इनटेक पोर्टमध्येही. नुसत्या थेट फवारणीच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते. पोर्टमधलं पेट्रोल ते व्हॉल्व्ह धूत राहतं. वर्षानुवर्षं तपासलं गेलेलं इंजिन म्हणजे कंपनीचा आळस असेलही, पण दहा वर्षं गाडी न विकणाऱ्याच्या दृष्टीने तो आळस फायद्याचा आहे. तीन वर्षांच्या लीजवर घेणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. तो फक्त कमी टॉर्क आणि जास्त पेट्रोल भोगतो.

जेनेसिस जी७०ची गोष्ट वेगळ्या वळणाची. २०२२च्या मॉडेलला नवं नाक, नवे दिवे, १०.२५ इंचांचा पडदा मिळाला आणि इंजिनं तीच राहिली: २५२ हॉर्सपॉवरचं दोन लिटर टर्बो, ३६५ हॉर्सपॉवरचं ३.३ लिटरचं दुहेरी टर्बो व्ही६. त्याच वेळी दोन लिटरसोबत मिळणारा मॅन्युअल गिअरबॉक्सही गेला. पण २०२४ला दोन लिटर काढून ३०० हॉर्सपॉवर आणि ४२२ न्यूटन मीटरचं अडीच लिटर टर्बो बसवलं. म्हणून २०२२ किंवा २०२३ची दोन लिटरची जी७० कुणी आग्रहाने गळ्यात मारत असेल, तर घासाघीस करा किंवा सोडा. याउलट ३.३ लिटरची कुठल्याही वर्षीची घ्या. ५१० न्यूटन मीटर १,३०० आरपीएमपासून, आणि ६० मैल पाच सेकंदांच्या आत. आयएस ३५० तिच्या आसपासही नाही. जी७०च्या पहिल्या मालकाला इंजिन-गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटी आहे, लेक्ससची ६ वर्षं किंवा ७०,००० मैल, बीएमडब्ल्यूची ४ वर्षं किंवा ५०,०००. जुनी जी७० घेताना मात्र सावध: ती दहा वर्षं दुसऱ्या मालकाला आपोआप मिळत नाहीत, कंपनीने प्रमाणित केलेली गाडी असेल तर भाग वेगळा.

बर्फाळ भागात राहणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आयएसला चारही चाकांची ओढ हवी असेल, तर आठऐवजी सहा गिअरांचा ऑटोमॅटिक मिळतो. आधीच टॉर्क वर चढल्यावर येणारं इंजिन, त्यात गिअरांमधली दरी मोठी. ३३०आय एक्सड्राइव्ह (तिची चारही चाकांची आवृत्ती) आणि चारही चाकांची जी७० दोघींनाही आठ गिअर आहेत. चार चाकांची आयएस ३०० तर मला कुणालाच सुचवावीशी वाटत नाही: इंजिन साडेतीन लिटरचंच, ताकद २६०वर उतरवलेली, पेट्रोलची भूक जवळपास तेवढीच.

आतली बाजू थोडक्यात. मागे माणसं बसणार असतील तर ३३०आय, विषय संपला. डिकीही तिचीच मोठी, ४८० लिटर. बाकी दोघींची ३००च्या आसपास. आयएसच्या पडद्याला २०२१ला स्पर्श कळू लागला आणि ॲपल कारप्ले, अँड्रॉइड ऑटो आले, तरी तो वैतागवाणा टचपॅड तिथेच ठेवला. बीएमडब्ल्यूने २०२३च्या मॉडेलला वक्र पडदा दिला आणि एसीची बटणं त्यात गाडून टाकली. तिचंही इंजिन त्या वेळी बदललं नाही, पण बदलायची निकडही नव्हती.

आयएसच हवी असं मनाने घेतलं असेल, तर २०१८ ते २०२० सालच्या आयएस ३५०मध्येही हेच ३११ हॉर्सपॉवर आणि मागच्या चाकांच्या गाडीत हाच आठ गिअरचा बॉक्स आहे. सरळ रस्त्यावर तुम्हाला फरक कळणार नाही. कारप्लेवाचून चालत असेल आणि घाटवळणांची हौस नसेल तर ती स्वस्तातली घ्या. हौस असेल तर २०२१ किंवा नंतरची मागच्या चाकांची एफ स्पोर्ट, तीही डायनॅमिक हँडलिंग पॅकेजसह: रस्त्यानुसार कडकपणा बदलणारे डॅम्पर (धक्के शोषणारे भाग), वळणात मागच्या दोन चाकांत जोर नीट वाटणारं टॉर्सन डिफरन्शियल आणि बीबीएस कंपनीची फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) चाकं. २०२१ला आयएस ३५० एफ स्पोर्टची किंमत वाहतूक खर्च सोडून ४२,९०० डॉलरपासून होती आणि ३३०आयची ४१,२५०, त्यामुळे पॅकेज नसलेल्या आयएससाठी जास्त मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

त्या कणखर सांगाड्याला शोभेल असं इंजिन लेक्ससने दिलं ते २०२२च्या आयएस ५००मध्ये, पाच लिटरचं व्ही८, ४७२ हॉर्सपॉवर. २०२६च्या मॉडेलपासून अमेरिकेत तेही बंद. उरली फक्त आयएस ३५०, पुन्हा नव्या नाकासह, १२.३ इंचांच्या पडद्यासह आणि त्याच ३११ हॉर्सपॉवरसह. त्यामुळे "पुढच्या वर्षी इंजिन बदलेल" या आशेवर थांबलेल्यांनी जी७० ३.३ची चाचणी फेरी मारून यावी. ज्यांना व्ही८ परवडतं, त्यांनी वापरलेली आयएस ५०० शोधायला लागावं. बीबीएसची चाकं दिसली म्हणून आयएस ३५०मध्ये पॅकेज आहेच असं मात्र धरू नका, चाकं कुणीही बदलतो. गाडीच्या मूळ किंमतपत्रकावर टॉर्सन डिफरन्शियलची नोंद बघा.