थ्रेडसॅनिटायझर: बरेच महिने वापरल्यावर, आणि त्या चार बिटांबद्दल

थ्रेडसॅनिटायझर, म्हणजे टीसॅन, हे डेटा रेस (दोन थ्रेड ताळमेळ न ठेवता एकाच डेटाला हात लावतात आणि त्यातला एक तरी लिहितो) पकडणारं टूल. यापेक्षा जास्त सांगत बसत नाही, मल्टिथ्रेडेड सी++ लिहिणाऱ्याने नाव तरी ऐकलेलं असतंच. लिहायला बसलो कारण नव्या बिल्ड सर्व्हरवर ते परत आडवं पडलं आणि होस्टिंगवाल्याच्या सपोर्टशी वाद घालून डोकं तापलंय.

आधी इन्स्टॉलेशन, कारण तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. उबुंटूवर जीसीसी कंपायलर असेल तर वेगळं काही टाकावं लागत नाही, लायब्ररी सोबतच येते. फेडोरावर मात्र कंपाइल नीट होतं आणि लिंकर लायब्ररी सापडत नाही म्हणून ओरडतो. तिथे ‘लिबटीसॅन’ पॅकेज डीएनएफने वेगळं घ्या. मग कंपाइल आणि लिंक, दोन्ही ठिकाणी ‘-एफसॅनिटाइझ=थ्रेड’, जोडीला ‘-जी’. झालं. लायसन्स नाही, ट्रायल नाही, ऑफिसचा ईमेल मागणारा फॉर्म नाही. फुकट आणि खरोखर फुकट.

आधी याच कामासाठी वॅलग्राइंड या टूलसंचातलं हेलग्राइंड वापरायचो. त्याला रिकंपाइल लागत नाही, हा मोठा गुण. पण वॅलग्राइंड एका वेळी एकच थ्रेड पळवतं, मशीनला कोअर कितीही असोत. टेस्ट लावून जेवून यावं, तरी चालूच. त्यात सी++ चे अ‍ॅटॉमिक (थ्रेडांनी एकत्र वापरायला सुरक्षित व्हेरिएबल) त्याला कळत नाहीत, म्हणून खोट्या वॉर्निंगांचा ढीग. टीसॅनने प्रोग्राम साधारण पाच ते पंधरापट मंदावतो आणि मेमरी पाच ते दहापट लागते, असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. माझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपला दुसरा आकडा जास्त टोचतो. ब्राउझर बंद करून टेस्ट चालवतो. रॅम घेणार नाही म्हणजे नाही.

मोबदल्यात काय मिळालं ते सांगतो. आमची एक सर्व्हिस बंद करायला सांगितली की बंदच होत नव्हती. लिनक्सवर सर्व्हिसा सांभाळणारं सिस्टमडी 90 सेकंद वाट बघून तिचा गळा दाबायचं. डीबग बिल्डमध्ये सगळं छान. ‘थांब’ सांगणारा फ्लॅग साधा बूल होता आणि रिलीज बिल्डमध्ये कंपायलरने तो लूपच्या बाहेर एकदाच वाचून ठेवला होता. एका सहकाऱ्याने त्याला व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावलं, सर्व्हिस थांबायला लागली, विषय मिटला. टीसॅनच्या लेखी मात्र मिटला नव्हता. डेटा रेस, टी2 थ्रेडने 1 बाइट वाचला, त्याआधी मुख्य थ्रेडने तोच बाइट लिहिला, दोन्हींच्या फाइली, ओळी, वर टी2 कुठे जन्माला आला तेही. आणि ते बरोबरच होतं. व्होलाटाइलने क्रमाची हमी मिळत नाही. इंटेलच्या मशीनवर निभावून गेलं, पण ग्राहकाकडे एआरएम प्रोसेसरचा बोर्ड होता आणि तिथे बंद होताना क्यूमधल्या शेवटच्या नोंदी अधूनमधून गायब व्हायच्या. अ‍ॅटॉमिक केलं, दोन्ही भानगडी संपल्या. एवढ्यावर मी पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो.

पण ते चार बिट. 2024 च्या सुरुवातीला उबुंटू 22.04 वर 6.5 कर्नलचं अपडेट आलं आणि टेस्ट सुरू होण्याआधीच मरायला लागल्या: ‘अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग’. टीसॅन प्रत्येक बाइटचा हिशेब ठेवायला स्वतःची शॅडो मेमरी ठरलेल्या पत्त्यांवर मांडतं. कर्नल सुरक्षेसाठी लायब्ऱ्यांचे पत्ते दर वेळी विस्कटतो. किती बिट विस्कटायचे ते ‘व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स’मध्ये असतं. तो आकडा 28 चा 32 झाला, म्हणजे फेरफार सोळापट वाढला, आणि लायब्ऱ्या नको तिथे जाऊन बसू लागल्या. त्यातही दर वेळी नाही! कधी चालतं, कधी उडतं. कधीमधी उगवणारे बग पकडण्यासाठी आणलेलं टूल स्वतःच कधीमधी उगवणार, हा विनोद रात्री अकरा वाजता अजिबात आवडत नाही.

उपाय सोपा आहे: सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंगं बदलणारी कमांड) आकडा परत 28 करा. मला ते पटत नाही. एका टेस्टसाठी अख्ख्या मशीनचं कुलूप सैल का करायचं? ‘सेटआर्क -आर’ लावून प्रोग्राम चालवला की फक्त त्याच्यापुरतं विस्कटणं बंद होतं. मी तेच करत आलो.

मग 24.04 वर गेलो. तिथे क्लँग 18 हा दुसरा कंपायलर आहे, आणि त्याचं टीसॅन पत्ते जुळत नाहीत असं दिसलं की विस्कटणं बंद करून स्वतःलाच पुन्हा चालू करतं. वरचा सगळा राग मी तेव्हा मागे घेतला होता.

आता तो परत पुढे घेतोय. कारण डॉकर, नव्या बिल्ड सर्व्हरवर टेस्ट त्याच्या कंटेनरमध्ये चालतात. डॉकरचे नेहमीचे सेककॉम्प नियम (कर्नलकडे काय मागता येईल यावरची बंधनं) विस्कटणं बंद करूच देत नाहीत, म्हणजे सेटआर्कही गेलं आणि क्लँगची हुशारीही. कंटेनरमधून सिसकंट्रोल करावं तर ते सेटिंग होस्टचं, म्हणजे खालच्या मूळ मशीनचं. आणि होस्ट आमचा नाही, कारण स्वस्तातला प्लॅन मीच निवडलाय. सपोर्टला आकड्यासकट सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "सर, रीस्टार्ट करून बघितलं का?" केलं. त्या वेळी नेमकी टेस्ट चालली. त्यांनी तिकीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाली, पुन्हा तिकीट, पुन्हा रीस्टार्टचा सल्ला. शेवटी टीसॅनचं काम तिथून काढून ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर लावलं. तिथे डॉकर नाही आणि रूट माझा आहे. रोज रात्री चालतं, सकाळी रिपोर्ट तयार.

अ‍ॅड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं भावंड) आणि हे एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत, तेव्हा वेगळी बिल्ड डिरेक्टरी आणि डिस्कवर तेवढी जागा धरा. ओपनएमपी (लूप वगैरे थ्रेडांत वाटून चालवायची पद्धत) वापरणाऱ्यांनी जीसीसीच्या लिबगॉम्प या ओपनएमपी लायब्ररीसोबत टीसॅन लावूच नये, सगळा कोडच चुकीचा आहे असं वाटेल इतक्या खोट्या वॉर्निंगा येतात. क्लँगच्या ओपनएमपीसोबत आर्चर मिळतं, ते टीसॅनला ओपनएमपीचा ताळमेळ समजावून सांगतं, ते वापरा.